तिसऱ्यांदा विचारल्यावर

माझ्या आईला कुठलीही गोष्ट तीनदा विचारावी लागायची आणि बाबांना एकदाही विचारावी लागत नसे. चहा घेतेस का, असं विचारलं की आई म्हणायची, "मले नको." दुसऱ्यांदा विचारलं की, "तुमी घ्या, माह्यं काय." तिसऱ्यांदा विचारलं की पदराला हात पुसत यायची आणि कप दोन्ही हातांत धरून असा प्यायची, की जणू इतका वेळ तहानेनं तिचा जीव जात होता आणि आम्हांला त्याचा पत्ताच नव्हता. बाबांचं नेमकं उलट. ते जिना चढायला लागले की तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं की आज प्लँटमध्ये काय झालं, कोणत्या इंजिनिअरला काय सुचलं नाही आणि ते शेवटी कोणाला सुचलं. दार उघडायच्या आधी गोष्ट अर्धी झालेली असायची. मी दाराशी उभी राहून उरलेली अर्धी ऐकायची, त्यांचा डबा हातात घ्यायची आणि म्हणायची, "मंग काय झालं बाबा?" हे माझं त्या घरातलं पहिलं काम.

आम्ही तेव्हा आखातातल्या एका बेटावर, जिदहफ्सला राहायचो, बाजारामागच्या गल्लीत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि खिडकीत बसवलेला एक एसी, जो सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं आणि सगळ्यांना ओरडून बोलावं लागायचं. बाबांची त्याला काही हरकत नव्हती. खाली कोल्ड स्टोअर होतं, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. शेजारी भट्टीतून निघणाऱ्या खुबूसचा, म्हणजे अरबी रोटीचा, वास सकाळी बिछान्यातच नाकाला लागायचा. बाबा सित्र्याच्या बाजूच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. पहाटे कंपनीची बस यायची, तिला ते कधी चुकले नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातून आयटीआय करून विमानात बसणारा आपल्या वस्तीतला पहिला माणूस मी, हे ते सांगायचे आणि ते खरंच होतं. ज्याच्या आजोबाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्यानं समुद्रापलीकडच्या कारखान्यातलं मीटर दुरुस्त केलं, तर त्यानं ते चार लोकांना सांगू नये का? सांगावं. आमची तक्रार एवढीच होती, की ते चार लोक म्हणजे रोज आम्हीच असायचो.

त्यांची एक व्हॉल्व्हची गोष्ट होती. कारखान्यात एकदा एक व्हॉल्व्ह अडकला, दाब वाढत गेला, सायरन वाजला, सगळे पळाले आणि बाबा एकटे उलट्या दिशेनं गेले. मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे, की आजही मला तो व्हॉल्व्ह दिसतो, त्याचं लाल चाक दिसतं. वर्षं गेली तसा दाब वाढत गेला आणि पळणाऱ्यांची संख्याही. बाबांबरोबर सुरुवातीला एक केरळी फोरमन असायचा, तो मी सातवीत जाईपर्यंत गोष्टीतून नाहीसा झाला. आरशात पाहून भांग पाडताना ते स्वतःशी थोडं हसायचे. जवळचं वाचायला चष्मा लागायचा, त्याशिवाय त्यांना वर्तमानपत्रातला मथळासुद्धा धड दिसत नसे. पण फोटोत मात्र तो कधीच दिसणार नाही, फोटोच्या आधी खिशात जायचा. माझ्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला ते आले, तर माझ्या बाईंना त्यांनी व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली आणि माझा नंबर कितवा आला हे विचारायचं विसरले. मला राग आला होता. येताना गाडीत त्यांनी मला दोन आइस्क्रीम घेऊन दिली, एक माझ्यासाठी आणि एक माझ्या बक्षिसासाठी, असं म्हणाले. अशा माणसावर फार वेळ रागावता येत नाही, हीच मुलांची पंचाईत.

आईचा मोठेपणा दिसायचा नाही, म्हणून तो मला ओळखायला फार वेळ लागला. ती कधी स्वतःबद्दल चांगलं बोलली नाही. उलट, "मले काय येते," हे तिचं पालुपद. पण दुसऱ्या बाईच्या पुरणपोळीचं कौतुक झालं, की तिचं डोकं दुखायला लागायचं. डोक्याला ओढणी घट्ट बांधून ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "काई नाई, तुमी जेवा." असे दोन-तीन दिवस जायचे. ह्या मुक्या दिवसांत बाबांच्या वस्तू हरवायच्या. एकदा पट्टा, एकदा कंगवा, एकदा ड्यूटीचा बूट, तोही एकच. आई पुन्हा बोलायला लागली, की त्या आपोआप सापडायच्या. बाबा कधी काही विचारायचे नाहीत. कमरेला सुतळी बांधून बस पकडायचे, पण विचारायचे नाहीत, कारण विचारलं असतं तर काहीतरी चुकलंय हे कबूल करावं लागलं असतं.

आता मी ह्याच बेटावर, सीफमधल्या एका क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसते आणि आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी मोबाइल पुढं करून मला म्हणतं, "मॅडम, हे बघा, माझा नवरा सेम असाच आहे, नार्सिसिस्ट." त्या छोट्या व्हिडिओंत सगळं फार सोपं असतं. मी सांगते, की तो शब्द जपून वापरा. स्वतःवर प्रेम असणं हा आजार नाही. एखाद्याचं प्रेम मोठ्यानं बोलतं, एखाद्याचं कोपऱ्यात बसून उसासे टाकतं, एखाद्याचं लोकांची सेवा करत फिरतं, आणि आत तिघांनाही एकच भीती असते, की आपल्याकडं कोणी पाहिलं नाही तर आपण आहोत कुठं? आजार तिथं सुरू होतो, जिथं समोरच्याचं दुखणं त्या माणसापर्यंत पोचतच नाही. तशीही माणसं माझ्यासमोर बसून गेली आहेत, आणि त्यांच्या बायकांना मी आइस्क्रीमच्या गोष्टी सांगत नाही, त्यांना मी बाहेर पडायचा रस्ता दाखवते. पण माझ्या घरातली ती दोघं तशी नव्हती. त्यांच्यापर्यंत पोचायचं दार होतं, फक्त ते कुठून उघडतं हे माहीत असावं लागायचं.

मला ते दार फिलोमिना आंटीनं दाखवलं. ती वसईची, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि इस्पितळाच्या मानसोपचार वॉर्डात नर्स होती. ड्यूटीवरून आली की चपला काढून जिन्याच्या पायरीवरच बसायची आणि मला हाक मारायची. मी चहा न्यायची. एकदा तिनं मला विचारलं, "बाय, तुझे पप्पा आणि तुझी मम्मी, दोघांत जास्त स्वतःचा विचार कोण करतं सांग?" मी लगेच म्हटलं, "बाबा." ती हसली. "सगळे हेच सांगतात. तुझे पप्पा म्हणतात, माझ्याकडे बघा. तुझी मम्मी म्हणते, माझ्याकडे बघू नका, आणि मग कोण बघत नाही ते मोजत बसते. भूक सेम आहे गं. पप्पा ताट वाजवतात, मम्मी उपाशी झोपते." मला एकदम कोणीतरी खोलीतला दिवा लावल्यासारखं झालं. मी सतरा वर्षांची होते आणि त्याच पायरीवर मी ठरवलं, की आपण हेच शिकायचं. आंटी स्वतः कुठल्या प्रकारची, हे तिनं मला सांगितलं नाही. पण गल्लीत कोणाला ताप आला आणि तिला आधी कळवलं नाही, तर ती आठवडाभर त्या घरावरून मान वळवून जायची, हे मी पाहिलेलं होतं.

बारावीचा निकाल लागला. नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र होतं, हॉस्टेल होतं. अर्ज मागवून झाला, मी भरला. खाली आई-वडील दोघांच्या सह्यांसाठी दोन चौकोन होते. पोस्टानं पाठवला तर मुदतीत पोचेल याची खात्री नव्हती. आंटी पुढच्या बुधवारी संध्याकाळच्या विमानानं लीव्हवर निघणार होती, ती तो मुंबईहून पुढं पाठवणार होती. बाबांना मी गुरुवारी सांगितलं, तर ते म्हणाले, "पाहू न. आपल्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघून रायली, तेबी वाईट नाई." आई म्हणाली, "मले काय इचारता, मी कोन." शुक्रवारी आमचा बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. मी विचार केला, कार्यक्रम झाला की दोघंही खुशीत असतात, शनिवारी सह्या घेऊ. हा हिशेब एरवी कुठल्याही वर्षी बरोबर आला असता.

पौर्णिमा कुठल्याही वारी येवो, आमची पौर्णिमा हॉल मिळेल त्या शुक्रवारी असायची, कधी कधी दोन आठवडे उशिरा. मआमीरजवळच्या एका कंपनीच्या कामगार वसाहतीतली खानावळ आम्हांला मिळायची. कारखान्यांचा वास तिथं भिंतींतही बसलेला. बायका आल्या आल्या उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावायच्या. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बुद्धमूर्ती. वंदना व्हायची, मग लहान मुलांची भाषणं, ज्यांत मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून आणलेले असायचे. मग बाबांचं भाषण. त्याला चाळीस मिनिटं लागायची आणि त्यात धम्म, शिक्षण आणि व्हॉल्व्ह हे तिन्ही विषय यायचे. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही, डोळ्यांवर चष्मा, तोही मोठ्या समारंभानं चढवलेला. मी पहिल्या रांगेत उजवीकडच्या खुर्चीत. ती माझी ठरलेली जागा, कारण टाळ्या मी सुरू करायच्या होत्या.

आणि शेवटी खीर. ऐंशी माणसांची खीर दरवर्षी आई करायची. तांदळाची, डब्यातलं दूध आटवून, वेलदोडा आणि नागपूरहून आणलेली चारोळी घालून, आदल्या दिवसापासून. खिरीचा एवढा मोठा गंज, म्हणजे पातेलं, टॅक्सीच्या डिकीत दोरीनं बांधून यायचा. प्रथा अशी होती, की सेक्रेटरीनं खीर करणाऱ्या ताईंना पुढं बोलवायचं आणि पहिली वाटी त्यांनी मूर्तीपुढं ठेवायची. मागच्या खोलीच्या पडद्याआडून आई म्हणायची, "नको, दुसऱ्या कोनाले सांगा." सेक्रेटरी पुन्हा बोलवायचे. "माह्या हातानं कायले, लय बाया हायेत." मग ते तिसऱ्यांदा बोलवायचे, सगळे टाळ्या वाजवायचे आणि आई मान खाली घालून बाहेर यायची. त्या वेळी तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. वर्षभर तिला तेवढं पुरायचं.

त्या वर्षी सेक्रेटरी नवे होते, सोनवणे साहेब. पुण्याहून सहा महिन्यांपूर्वीच आलेले, स्वच्छ मनाचे, हातात घड्याळ काढून बसणारे. त्यांनी कार्यक्रमपत्रिका छापली होती आणि तिच्यात प्रत्येक भाषणापुढं मिनिटं लिहिली होती. बाबांपुढं दहा. बाबा ते छपाईचं काहीतरी चुकलंय असं धरून चालले. व्हॉल्व्ह नुकताच अडकला होता, सायरन वाजायचा होता, आणि सोनवणे साहेबांनी चिठ्ठी पुढं सरकवली. बाबांनी ती बाजूला ठेवली. मग साहेब स्वतःच उठून माइकजवळ आले आणि हसून म्हणाले, "सरांचे आपण सगळे आभारी आहोत. उरलेलं पुढच्या वर्षी नक्की ऐकू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण त्या वाजल्या. बाबा चष्मा काढून खुर्चीत येऊन बसले आणि वही मांडीवर ठेवून तिच्यावर हात ठेवून राहिले.

मग साहेबांनी आईला बोलावलं. पडद्याआडून आवाज आला, "नको, दुसऱ्या कोनाले सांगा." सोनवणे साहेब म्हणाले, "बरं ताई, दमला असाल तुम्ही, बसा." आणि त्यांनी स्वतःच वाटी उचलून मूर्तीपुढं ठेवली. एवढं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. माणसानं नाही म्हटलं तर त्याला नाही म्हणायचंय, असं समजण्यात त्यांची काय चूक? पण मी पडद्याकडं पाहत होते. पडदा एकदा हलला आणि मग स्थिर झाला. ऐंशी माणसांनी खीर खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि मला कळलं की माझा अर्ज संपला.

शनिवारपासून घरात दोन हवामानं सुरू झाली. बाहेरच्या खोलीत बाबा कमिटीचा राजीनामा लिहवून घेत होते, मी लिहीत होते. "लिही. महोदय, ज्या संस्थेची पायाभरणी मी माह्या हातानं केली…" चार मसुदे झाले, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब. आतल्या खोलीत आई डोक्याला ओढणी बांधून पडली होती. स्वयंपाक करायची, वाढायची, स्वतः जेवायची नाही, बोलायची नाही. मी एकदा बाबांना म्हटलं, "बाबा, अर्जावर सही…" तर ते गरजले, "इथं मानसाची इज्जत गेली आन तुले अर्ज सुचून रायला!" आईला म्हटलं, तर ती भिंतीला म्हणाली, "माह्या सहीचं काय मोल हाय." सोमवार गेला. मंगळवारी सकाळी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला टायपिंगची जागा दिसत होती, तिथली खुर्ची दिसत होती, आणि रोज दाराशी उभी राहून "मंग काय झालं बाबा" म्हणणारी चाळीस वर्षांची मी दिसत होते.

आंटी पायरीवर बॅगेला दोरी बांधत होती. मी तिच्यासमोर सगळं ओतलं, कशी मी एकटीच हे घर सांभाळते, कसं मला कोणी विचारत नाही, कसं मी सगळ्यांचं ऐकते आणि माझं कोणी ऐकत नाही. ती गाठ मारता मारता ऐकत होती. मग म्हणाली, "वा. पप्पांचा आवाज आणि मम्मीचे शब्द. दोघांचीच गं तू." मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिनं माझा हात धरून खाली बसवलं. "रागावू नको. सगळ्यांत असतं, माझ्यात पण आहे. तुला सही पाहिजे ना? मग पप्पांना दे जे त्यांचं शुक्रवारी राहिलं. मम्मीला दे जे तिचं राहिलं. पण ट्रिक म्हणून देऊ नको, बाय. ट्रिक कळते. पेशंटला पण कळते."

मंगळवारी दुपारी मी आईजवळ जाऊन बसले. एसी बंद होता, पंखा फिरत होता. मी म्हटलं, "आई, सही करतेस?" ती म्हणाली, "तुह्या बापाले सांग." मी म्हटलं, "शुक्रवारची खीर आजवरची सगळ्यांत चांगली झाली होती. मी पडद्याकडंच पाहत होते." तिची पाठ थोडी हलली. "आई, करतेस सही?" "माह्या सहीवाचून तुह्यं काई अडत नाई." आता तिसऱ्यांदा विचारायचं होतं, आणि मला आंटीचं बोलणं आठवलं. मी सहीचं विचारलंच नाही. मी विचारलं, "आई, मी जाऊ का?" ती वळली. तिचे डोळे चार दिवसांचे सुजलेले होते. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "जा. मले कोनी कदी इचारलं नाई का जायचं हाय का म्हनून. लगन झालं, आलो इकडं. तू जा." आणि चौकोनात, एकेक अक्षर जपून, तिनं नाव लिहिलं. मी तिच्या कुशीत शिरले. इतकी वर्षं मी तिला चहाच विचारत होते.

बुधवारी बाबा ड्यूटीवरून आले तेव्हा जिन्यात शांतता होती. ते खुर्चीत बसले. मी समोर एक खुर्ची ठेवली, पहिल्या रांगेत ठेवतात तशी, आणि वही त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "बाबा, शुक्रवारचं राहिलं. मला पूर्ण ऐकायचंय." ते म्हणाले, "खलास झालं ते, पोरी." पण उठून उभे राहिले, शर्ट नीट केला, घसा साफ केला. चष्मा लावला नाही. मला वाटलं, पाठच आहे, कशाला लावतील. धम्म झाला, शिक्षण झालं, व्हॉल्व्ह अडकला, सायरन वाजला, सगळे पळाले. समोरच्या दारातून आंटीनं एकदा डोकावून घड्याळ दाखवलं. स्वयंपाकघरात भांडी थांबली होती. टाळ्यांची जागा आली तशा मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं. पण बाबांनी पान उलटलं. आणि वहीत अगदी मान घालून, आतापर्यंत कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात, ते वाचायला लागले.

"शेवटी एक सांगून मी माझे दोन शब्द संपवतो. माझी मुलगी प्रज्ञा बारावी झाली. ही मुलगी लहानपणापासून माझं भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकते. तिला ते पाठ आहे. ते लांब आहे, हेही तिला माहीत आहे. तरी ती टाळ्या वाजवते. आता ती नागपूरला शिकायला जाणार. पुढच्या वर्षी ती खुर्ची रिकामी राहील. त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहून मला बोलता येईल की नाही, हे मला माहीत नाही. जयभीम." वही मिटली. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. ते म्हणाले, "आन कुठं सही?" मी बोटानं दाखवलं. त्यांनी अशी सही केली, की ती चौकोनाबाहेर निघून वरच्या माझ्या फोटोच्या गालावरून गेली. मी मनात म्हटलं, बाबांना चौकोन कसा पुरेल! पुढं कॉलेजातल्या क्लार्कनं त्यावरून मला बरंच सुनावलं. आंटी खालून ओरडत होती, "यल्ला, चल लवकर, टॅक्सी थांबत नाही!" मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरले.

कितीतरी वर्षं मी ह्या गोष्टीला जपलं. शुक्रवारी बाबा एवढे चिडले ते फक्त स्वतःसाठी नव्हे, माझ्याबद्दलचं पान वाचायचं राहिलं म्हणून, हे मी स्वतःला सांगत आले.  शिकले, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमुळं पुन्हा ह्याच बेटावर आले. बाबा दोन वर्षांपूर्वी अमरावतीला वारले. शेवटच्या दिवसांत इस्पितळातल्या डॉक्टरांनाही त्यांनी व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली, आणि मला सांगायला आनंद वाटतो, की त्यात तो केरळी फोरमन परत आला होता. आईला मी इकडं घेऊन आले. तिच्या ट्रंकेत ती निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

गेल्या महिन्यात मी ती उघडली. धम्म होता, शिक्षण होतं, व्हॉल्व्ह सहा पानं होता. शेवटी समारोप, दोन ओळी, खाली बाबांची सही. मी पान उलटलं. कोरं. त्याच्या पुढचं कोरं. पाठपोट सगळी वही पाहिली, माझं नाव कुठंच नव्हतं.  खरं सांगते, पहिल्यांदा मला वाईटच वाटलं. मग आईकडं गेले. ती गॅलरीत बसली होती आणि माझी मुलगी तिला वैतागून विचारत होती, "आजी, डू यू वॉन्ट टी ऑर नॉट?" आई म्हणत होती, "मले नको."

मी वही तिच्यापुढं धरली. म्हटलं, "आई, बाबांनी ते माझ्यावरचं वाचलं होतं ना, अर्जाच्या दिवशी? ते ह्यात नाही."

"नसनच," आई म्हणाली. "वाचून कुठं रायले होते ते. चष्मा कुठं होता त्यायच्यापाशी? तांदळाच्या डब्यात होता. मीच ठेवला होता, शनिवारी. चार दिवस त्यायले काई दिसून नाई रायलं, पन इचारलं का मले? मी दाराआडून पाहून रायली होती. वहीत मान घालून, तुह्यासाठी जुळवून जुळवून बोलून रायले होते. लय घाम आला होता त्यायले."

मला सहीची ती वाकडी रेघ आठवली, माझ्या फोटोच्या गालावरून गेलेली. चौकोन दिसलाच नव्हता त्यांना. मी आईच्या पायाशी बसले. म्हटलं, "आणि हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस?"

आईनं माझ्या मुलीच्या हातातला कप घेतला, तिसऱ्यांदा विचारायची वाट न पाहता, आणि दोन्ही हातांत धरला.

"तू कुठं इचारलं?"